जर्मन की जपानी? आधी तासांचा हिशेब

बारावीचा निकाल लागतो, महाविद्यालयात प्रवेश होतो आणि विषय निवडण्याचा अर्ज समोर येतो. मग अमरावती-अकोल्याच्या अनेक घरांत एक प्रश्न निघतो. जोडीला एखादी परदेशी भाषा घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती? उत्तरे बहुधा तयारच असतात. ‘जर्मनला स्कोप आहे.’ ‘फ्रेंचमध्ये मार्क चांगले पडतात.’ ‘मैत्रिणीने जपानी घेतली.’ ‘कोरियन मालिका आवडतात.’ ‘क्लास घराजवळ आहे.’

यातले एकही कारण टाकाऊ नाही, पण एकही पुरेसे नाही. परदेशी भाषा शिकण्यात पैशापेक्षा वेळ जास्त जातो. कामापुरती भाषा यायला किमान सहाशे-सातशे तास लागतात, आणि हे तास वयाच्या अठरा ते बावीस या काळातून काढावे लागतात. निवड चुकली किंवा शिकणे अर्धवट सुटले, तर हाती प्रमाणपत्र उरते पण भाषा उरत नाही. भाषा कशी शिकली जाते, किती वेळात शिकली जाते आणि किती दिवस टिकते यावर शास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे. अर्जावर टिक करण्यापूर्वी त्यातले चार निष्कर्ष माहीत असलेले बरे.

वय निघून गेले का?

‘भाषा लहानपणीच येते, आता काय उपयोग,’ ही पहिली शंका. २०१८ साली ‘कॉग्निशन’ या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंटरनेटवरील चाचणीतून सुमारे ६ लाख ७० हजार लोकांचे इंग्रजी व्याकरण त्यांनी तपासले. नव्या भाषेचे व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकून राहते आणि त्यानंतर हळूहळू उतरते, असे त्यांना दिसले. नेमक्या वयाच्या आकड्यावर पुढे इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले. पण सहा-सात वर्षांनंतर दार बंद होते, ही जुनी समजूत त्यामुळे सैल पडली.

त्याहून जुना एक अभ्यास १९७८चा, नेदरलँड्समधला. तेथे राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांनी डच भाषा कशी शिकली हे त्यात पाहिले होते. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेली ती १२ ते १५ वयाची मुले आणि प्रौढ माणसे. लहानग्यांचा वेग सुरुवातीला कमीच होता. मोठ्यांना नियम समजून घेता येतो, तुलना करता येते, वहीत टिपण काढता येते. लहान मुले पुढे जातात ती दीर्घ सहवासात, विशेषतः उच्चारात. म्हणजे अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याचा उच्चार कदाचित थोडा वेगळा राहील, पण भाषा येण्यात वयाची अडचण नाही.

वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याकडे आणखी एक भांडवल असते, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. घरी तो ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ म्हणतो. वर्गात ‘मला’, ‘तुला’, ‘का’ असे लिहितो. बाजारात हिंदी बोलतो आणि पुस्तक इंग्रजीत वाचतो. एका बोलीतून दुसऱ्या भाषेत जाताना मेंदूला एक व्यवस्था दाबून दुसरी पुढे आणावी लागते. हा सराव त्याला बालपणापासून आहे.

अडचण येते ती भीतीची. आपल्या बोलीला कोणी हसेल म्हणून वर्गात गप्प बसण्याची सवय अनेकांना लागलेली असते. परदेशी भाषेच्या वर्गातील धास्तीचे मोजमाप करण्याची पद्धत १९८६ साली अमेरिकेत तयार झाली. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत असे आढळले, की धास्ती जितकी जास्त तितकी शिकण्यातली प्रगती कमी. मन ‘चुकलो तर’ यातच गुंतले, तर शब्द शोधायला त्यात जागा उरत नाही. म्हणून भाषा निवडताना शिक्षकही निवडावा. चुकीचे बोललेले ऐकून घेणारा शिक्षक मिळाला, तर निम्मे काम झाले म्हणायचे.

किती तास लागतात?

अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवते. अनेक दशकांच्या अनुभवातून या खात्याने भाषांचे गट पाडले आहेत. कामकाज नीट करता येईल इतकी भाषा यायला इंग्रजी भाषकाला फ्रेंच किंवा स्पॅनिशचे ६०० ते ७५० तास, जर्मनचे सुमारे ९०० तास, रशियनचे सुमारे १,१०० तास आणि जपानी, कोरियन, चिनी किंवा अरबीचे सुमारे २,२०० तास वर्गात द्यावे लागतात. घरचा अभ्यास वेगळा. हिंदी त्यांच्या लेखी रशियनच्याच, म्हणजे १,१०० तासांच्या गटात आहे.

युरोपीय भाषांसाठी ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या मानल्या जातात. ए-१ म्हणजे नाव-गाव सांगण्यापुरते. बी-१ म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः निभावता येणे. बी-२ म्हणजे कामाच्या ठिकाणी चर्चा समजणे आणि त्यात बोलता येणे. जर्मन शिकवणाऱ्या ग्योथे संस्थेच्या अंदाजानुसार बी-१ला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात आणि बी-२ला ६०० ते ८००.

आता महाविद्यालयाचा हिशेब करून पाहावा. आठवड्याला तीन तासिका आणि वर्षाचे तीस आठवडे धरले, तर वर्षाला ९० तासिका होतात. तीन वर्षांत २७०. त्याही एकही सुटी, संप किंवा परीक्षेची रजा मध्ये आली नाही तर. म्हणजे नुसत्या महाविद्यालयीन पेपरावर पदवीपर्यंत जर्मनची बी-१ पायरीही गाठणे कठीण आहे. त्याच विद्यार्थ्याने रोज घरी एक तास दिला, तर वर्षाला तीनशेहून अधिक तास हाती येतात आणि चित्र बदलते. वर्गात भाषेची ओळख होते, पण ती येते ती घरच्या तासामुळे.

मराठीला कोण जवळचे?

अमेरिकेचे आकडे इंग्रजी भाषकांसाठी आहेत. मराठी माणसासाठी भाषांचे अंतर थोडे वेगळे पडते.

जपानीचेच उदाहरण घ्या. ‘मी भात खातो’ हे जपानीत ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमास’. आधी मी, मग भात, शेवटी खाणे. क्रम अगदी मराठीचा. आपण ‘अकोल्याहून’, ‘अमरावतीला’ म्हणतो तसे जपानीतही शब्दाच्या मागे ‘कारा’, ‘नि’ असे प्रत्ययासारखे शब्द लागतात. नामाला लिंग नाही. मोठ्या माणसाशी बोलायची रीत वेगळी, हे तर आपल्याला नवे नाहीच. जपानी अक्षरमालाही अ, इ, उ, ए, ओ, मग का, की, कू, के, को अशी चालते, कारण तिच्या मांडणीवर बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णमालेचा प्रभाव आहे. इंग्रजी माणसाला जी वाक्यरचना उलटी वाटते, ती मराठी मुलाला सरळ वाटते. खरा डोंगर आहे लिपीचा. जपानात नित्य वापरासाठी ठरवलेल्या कांजी चिन्हांची संख्या २,१३६ आहे, आणि ती पाठ करण्याला पर्याय नाही. ज्याला रोज थोडे लिहून गिरवायचा कंटाळा आहे, त्याने हे आधीच ओळखावे. कोरियनची वाक्यरचनाही याच वळणाची, पण लिपीची मूळ अक्षरे फक्त २४. आठवडाभरात ती वाचता येतात. पुढचा शब्दसंग्रह मात्र पूर्ण नवा.

जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगे आहेत. इंग्रजी भाषक नपुंसकलिंगाला अडखळतो. ‘ते लेकरू’, ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. कोणता शब्द कोणत्या लिंगाचा हे मात्र पाठच करावे लागते, कारण आपला सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे. जर्मनच्या चार विभक्ती आठ विभक्ती शिकलेल्याला झेपतात, आणि लांबलचक जोडशब्द संस्कृतातल्या समासासारखे सुटे करून वाचता येतात. शाळेत संस्कृत घेतलेल्या मुलांना जर्मन किंवा सहा विभक्तींची रशियन परकी वाटत नाही, त्याचे कारण हेच.

स्पॅनिश जवळपास देवनागरीसारखी आहे, लिहिले तसे वाचायचे. त, द हे वर्ण आपल्यासारखेच दंत्य आहेत. फ्रेंचमध्ये लिहिलेले आणि बोललेले यात अंतर मोठे, पण इंग्रजीशी सामाईक शब्द हजारोंनी असल्याने वाचन लवकर येते.

अरबी आणि फारसी या भाषांचा विचार वऱ्हाडात वेगळा करावा लागेल. अचलपूर ही एकेकाळची वऱ्हाडची राजधानी, आणि शतकानुशतके येथला दरबारी व्यवहार फारसीत चालला. ‘अर्ज’, ‘जमीन’, ‘बाजार’, ‘शहर’, ‘कागद’ हे शब्द त्याच वाटेने मराठीत आले. बाळापूर, अचलपूर किंवा अकोल्यातील ज्या मुलांचे शिक्षण उर्दूत झाले, त्यांना या भाषांची लिपी आधीच येते. जो डोंगर इतरांना चढायचा असतो, तो त्यांनी शाळेतच पार केलेला असतो. आखाती देशांत रुग्णालये, प्रयोगशाळा आणि औषध दुकानांत काम करणाऱ्याला अरबीचा उपयोग रोजच्या रोज होतो.

नोकरीसाठी भाषा की पातळी?

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचे बाडेन-वुर्टेनबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांचे उद्दिष्ट जाहीर झाले. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक असे अनेक व्यवसाय त्यात आहेत. तेव्हापासून जर्मनकडे पाहण्याची विदर्भातील पालकांची दृष्टी बदलली. पण जर्मनीत ‘जर्मन येते’ याला अर्थ नाही, ‘कोणत्या पातळीची येते’ याला आहे. परिचारिकेला पूर्ण मान्यतेसाठी बहुतेक राज्यांत बी-२ लागते. डॉक्टरला त्याहून पुढे जाऊन रुग्णाशी बोलण्याची आणि वैद्यकीय अहवाल लिहिण्याची स्वतंत्र भाषापरीक्षा द्यावी लागते. ए-२वर थांबलेल्याला रुग्णालयाचे दार उघडत नाही.

जपानमध्ये वृद्धांची संख्या मोठी आहे आणि सेवाशुश्रूषा करणाऱ्यांची चणचण आहे. जानेवारी २०२१मध्ये भारत आणि जपान यांच्यात विशिष्ट कौशल्य असलेल्या कामगारांबाबत सहकार्य करार झाला. त्यातील शुश्रूषेच्या कामासाठी एन-४ किंवा तत्सम पातळीची जपानी आणि सेवाकामाची वेगळी भाषाचाचणी लागते. जपानीच्या या प्रचलित परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते. त्यामुळे एन-४ उत्तीर्ण होऊनही आजीबाईंचे ‘इथे दुखते’ कळत नाही, असे होऊ शकते. परीक्षेबरोबर बोलण्याचा सराव वेगळा करावा लागतो तो यासाठी.

वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान येथे जाणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा. २०२१च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, शिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. व्याख्यान इंग्रजीत होईल, पण खाटेवरचा रुग्ण रशियन किंवा जॉर्जियनमध्येच बोलणार. त्याची तक्रार समजली नाही, तर ती वर्षे भिंतीला टेकून उभे राहण्यात जातात. जाण्याच्या आधीचे वर्षभर त्या देशाची भाषा शिकणे, हा अशा विद्यार्थ्यासाठी छंद नव्हे, वैद्यकीय अभ्यासाचाच भाग आहे.

भाषेची उणीव रुग्णाला प्रत्यक्ष इजा करते, याचा पुरावाही आहे. अमेरिकेतील सहा रुग्णालयांतील दुर्घटनांची तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत घडलेल्या दुर्घटनांपैकी ४९.१ टक्के प्रसंगांत शारीरिक इजा झाली होती. इंग्रजी येणाऱ्यांत हे प्रमाण २९.५ टक्के होते. डॉक्टर तेच, औषधे तीच, फरक संवादाचा.

विज्ञान वाचण्यासाठी

परदेशी भाषा म्हणजे परदेशी नोकरी, हे समीकरण तसे अलीकडचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रसायन आणि भौतिकशास्त्राचे महत्त्वाचे लेखन जर्मनमध्ये होत असे, आणि भारतीय शास्त्रज्ञ त्यासाठी ती भाषा शिकत. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांनी आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरील लेखन जर्मनमधून इंग्रजीत आणले. ते १९२० साली कोलकात्यात प्रसिद्ध झाले. पुढे १९२४ मध्ये बोस यांचा गाजलेला शोधनिबंध स्वतः आइन्स्टाइनने जर्मनमध्ये अनुवादित करून छापवला. संस्कृतविद्येचेही तसेच. पापळ गावी जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डमध्ये वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहीत होते, त्या काळात वेदांवरचे सर्वांत मोठे कोशकार्य जर्मन भाषेत होते.

आज विज्ञानाची भाषा इंग्रजी झाली, पण सगळे विज्ञान इंग्रजीत नाही. जैवविविधतेच्या संवर्धनावरील २०१४ सालचे ७५,५१३ दस्तऐवज संशोधकांनी तपासले. त्यातील ३५.६ टक्के इंग्रजीखेरीज इतर भाषांत होते, त्यात स्पॅनिश आणि पोर्तुगीज आघाडीवर. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्याने यावर विचार करावा. सोयाबीन हे वऱ्हाडाचे मोठे पीक आणि ब्राझील हा सोयाबीनचा जगातील अग्रेसर उत्पादक. वरुड-मोर्शीची संत्री आपला अभिमान, तर स्पेन लिंबूवर्गीय फळांच्या निर्यातीत पुढे. तेथील शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिका, हवामान सल्ले आणि रोगनियंत्रणाची पत्रके पोर्तुगीज-स्पॅनिशमध्ये निघतात. यंत्रानुवादाने सार कळते. पण औषधाची मात्रा किंवा फवारणीची वेळ ठरवताना मूळ वाचता येणारा माणूस लागतोच. कृषीच्या विद्यार्थ्याला ‘स्कोप’च्या यादीत नसलेली पोर्तुगीज म्हणूनच जास्त उपयोगी पडू शकते.

विसरण्याचे गणित

शिकलेली भाषा किती टिकते? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी बारिक यांनी १९८४ साली शाळा-महाविद्यालयात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांची स्मरणशक्ती तपासली. काहींच्या शिक्षणाला पन्नास वर्षे उलटली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत विसरणे झपाट्याने होते. त्यानंतर मात्र जे उरते, ते साधारण पंचवीस-तीस वर्षे वापर नसतानाही टिकते. किती उरणार हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे मुळात किती खोलवर शिकले होते. एकच वर्ष जेमतेम शिकलेल्यांकडे फारसे काही उरले नव्हते. वरच्या पातळीपर्यंत गेलेल्यांकडे आयुष्यभराची शिदोरी होती.

सहा महिने जर्मन, मग सहा महिने जपानी, मग थोडी कोरियन असे करणाऱ्याच्या हाती पाच वर्षांनी तीन प्रमाणपत्रे असतात आणि एकही भाषा नसते. एकाच भाषेवर तीन वर्षे टिकलेला त्याच्या पुढे निघून जातो.

बारिक यांनी आपल्या कुटुंबीयांसह केलेला दुसरा प्रयोग १९९३ साली प्रसिद्ध झाला. परदेशी शब्दांची उजळणी कुणी १४ दिवसांनी, कुणी २८, कुणी ५६ दिवसांनी करायची, असे ठरवून त्यांनी अनेक वर्षे नोंदी ठेवल्या. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांच्या तोडीस तोड ठरल्या. लांब अंतराच्या उजळणीत शब्द आठवायला कष्ट पडतात, पण त्या कष्टानेच तो पक्का होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेले पाठांतर पेपरापुरते पुरते. रोज अर्धा-एक तास, जुन्या शब्दांची अंतराअंतराने उजळणी आणि पुरेशी झोप, हे साधे पथ्य महागड्या क्लासपेक्षा जास्त काम करते. झोपेतच मेंदू दिवसभराचे शब्द बसवत असतो.

मेंदूला फायदा किती?

‘नवी भाषा शिका, स्मृतिभ्रंश टाळा,’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यामागे एक गंभीर भारतीय अभ्यास आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला. शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता, म्हणून शिक्षण हे त्याचे एकमेव कारण म्हणता येत नव्हते. हा अभ्यास २०१३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला.

मात्र ही माणसे जन्मभर दोन-तीन भाषांत वावरलेली होती. पदवीला तीन वर्षे फ्रेंच घेतल्याने तेच होईल, असे या अभ्यासातून म्हणता येत नाही. स्वीडनमध्ये लष्करी दुभाष्यांना तीन महिने झपाट्याने अरबी, रशियन किंवा दारी भाषा शिकवली, तेव्हा स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागाचे आकारमान वाढलेले दिसले. हा बदल कसून अभ्यास करणाऱ्यांमधला आहे. मेंदूचा फायदा हा वापराचा फायदा आहे, आणि अर्जावरची टिक म्हणजे वापर नव्हे.

दाराशी असलेली ‘परकी’ भाषा

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात कोरकू बोलली जाते. २०११च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सात लाखांवर होती. ती ना मराठीच्या कुळातली, ना तेलुगूच्या. तिचे कूळ मुंडा, संथालीचे. खूप दूरचे नाते तर कंबोडियाच्या ख्मेरशी आणि व्हिएतनामीशी आहे. म्हणजे मराठी माणसासाठी भाषाशास्त्राच्या दृष्टीने कोरकू ही जर्मनपेक्षाही परकी.

कुपोषण आणि बालमृत्यूंसाठी मेळघाटचे नाव तीन दशके चर्चेत आहे. तेथे काम करणाऱ्या डॉक्टर किंवा परिचारिकेला ‘बाळ किती दिवसांपासून दूध पीत नाही?’ हे आईच्या भाषेत विचारता आले, तर उत्तर लवकर आणि खरे मिळते. अमेरिकेतील त्या ४९ टक्क्यांचा धडा इथेही लागू आहे. वैद्यकीय, परिचर्या किंवा समाजकार्य शिकणाऱ्या ज्यांना याच जिल्ह्यात काम करायचे आहे, त्यांनी परदेशी भाषेचे तास मोजताना कोरकूसाठी थोडे तास बाजूला ठेवावेत.

मग निवड कशी करावी?

अर्ज भरण्याआधी विद्यार्थ्याने पालकांसोबत बसून काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. भाषा कशासाठी हवी आहे? नोकरी, उच्च शिक्षण, संशोधन, की निव्वळ आवड? आवड हेही सबळ कारण आहे. ज्याला त्या भाषेतली गाणी, चित्रपट किंवा खेळ मनापासून आवडतात, तो सातशे तास सहज देतो, आणि ‘स्कोप’ म्हणून बसलेला दोनशे तासांत दमतो.

दुसरा प्रश्न पातळीचा. त्या कामाला नेमकी कोणती पायरी लागते आणि तिथवर पोचायला किती तास लागतील? रोज एक तास धरून महिने मोजावेत. उत्तर पदवीच्या काळात बसत नसेल, तर भाषा बदलावी किंवा रोजचा वेळ वाढवावा.

तिसरा प्रश्न सोयीचा. आपल्या गावात त्या भाषेचा पुढच्या पातळीपर्यंतचा शिक्षक आहे का? ए-१ शिकवणारे भेटतात, बी-२चे शिक्षक कमी असतात. परीक्षेचे केंद्र कुठे आहे? जर्मन आणि जपानीच्या परीक्षांसाठी पुणे-मुंबईचा प्रवास करावा लागू शकतो, त्याचा खर्चही धरावा. पदवीनंतर एखादे वर्ष पुण्यात राहण्याची तयारी असेल, तर रानडे इन्स्टिट्यूटसारख्या जुन्या विभागांचा विचार करता येतो.

चौथा प्रश्न भरवशाचा. कोणी ‘तीन महिन्यांत भाषा आणि हमखास व्हिसा’ म्हणत असेल, तर वरचे तासांचे गणित त्याच्यासमोर ठेवावे. परदेशी भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. मूळ कागदपत्रे कुणाकडे ठेवू नयेत आणि पावतीशिवाय पैसे देऊ नयेत.

एवढे करूनही दोन भाषांत मन अडकले, तर दोन्हींचे एकेक महिना मोफत धडे ऐकून पाहावेत. महिन्याच्या शेवटी जिचा तास संपल्यावर आणखी दहा मिनिटे बसावेसे वाटले, ती घ्यावी. आणि एकदा घेतली की तीन वर्षे तरी सोडू नये.